सांत्वनाचा अधिकार

दूरचित्रवाणीवरील मालिकेच्या शीर्षकगीताचे आयुष्य त्याच्या कर्त्यांनी मुळातच अल्प कल्पिलेले असते. घरची माणसे आपापल्या उद्योगात विखुरलेली असतात. त्यांना संचासमोर बोलावून आणावे, ठरलेला खेळ सुरू होत असल्याची वर्दी द्यावी आणि मंडळी स्थानापन्न झाली की बाजूला व्हावे, एवढ्याच कामावर त्याची नेमणूक असते. दरबार बरखास्त झाल्यावर चोपदाराच्या ललकारीला जसे काही प्रयोजन उरत नाही, तसेच मालिका बंद पडल्यावर शीर्षकगीतालाही उरू नये, असा सरळ न्याय आहे. असे असताना, १९५९ च्या जानेवारीत अमेरिकेतील सीबीएस या वाहिनीवर सुरू झालेल्या आणि १९६५ च्या डिसेंबरात ऐन हंगामात आटोपत्या घेतलेल्या ‘रॉहाइड’ या मालिकेचे शीर्षकगीत, त्या मालिकेचा एकही भाग न पाहिलेल्या लोकांच्या ओठांवर अजूनही असावे, ही गोष्ट करमणुकीच्या इतिहासात नोंद करून सोडून देण्याजोगी खचितच नाही. त्या काळी अशा पश्चिमी मुलुखाच्या मालिकांचे पेवच फुटले होते. ‘बोनान्झा’ची धून, ‘हॅव गन, विल ट्रॅव्हल’मधील पॅलाडिनचे गीत, अशी इतरही गीते लोकांनी जपली आहेत. परंतु ‘रॉहाइड’च्या गीताने जो प्रश्न उभा केला आहे तो मला सर्वांत गहन वाटतो, आणि विचारांती असे दिसते की तो प्रश्न धर्मविचाराच्या कक्षेतला आहे.

मालिकेचा विषय साधा होता. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यानंतरच्या काळात टेक्सासमधील सॅन अँटोनिओहून गुरांचे मोठे खिल्लार उत्तरेकडे, मिसुरीतील सेडेलिया या रेल्वेच्या ठाण्यापर्यंत, मजल दरमजल हाकीत न्यायचे. गिल फेव्हर हा तांड्याचा म्होरक्या, राउडी येट्स हा त्याचा तरुण दुय्यम, विशबोन हा आचारी. आणि वाटेत नद्या, वादळे, पाण्याचे दुर्भिक्ष, चोर, रोगराई व भेटतील त्या माणसांची सुखदुःखे. फेव्हरची भूमिका एरिक फ्लेमिंग यांनी केली. येट्सची भूमिका करणारे क्लिंट ईस्टवुड पुढे जगद्विख्यात झाले. एकूण २१७ भाग झाले आणि त्या सर्वांच्या आरंभी तेच गीत वाजत राहिले. आसुडाचा कडाडणारा आवाज, घोड्याच्या दौडीला साजेसा द्रुत ठेका, पुरुषांच्या समूहस्वरात गुरांना उठवण्याचे व हाकण्याचे आखूड हुकूम, आणि या सर्व गलबल्याच्या वर चढलेला फ्रँकी लेन यांचा भरदार, कणखर कंठ. शब्द थोडेच आहेत, पण त्यांचे दोन भाग स्पष्ट पडतात. पावसापाण्याची पर्वा न करता जनावरे पुढे काढण्याचा हुकूम हा पहिला. आणि चांगले अन्न, प्रिय माणसाचा सहवास, जे जे म्हणून आज आपल्यापाशी नाही ते सर्व या रपेटीच्या अखेरीस आपल्यासाठी थांबले आहे, ही गाणाऱ्याने स्वतःपाशी दिलेली कबुली हा दुसरा. हे दोन भाग वाचकाने ध्यानात ठेवावेत, कारण पुढील विवेचनाचा सर्व भार त्यांच्यावरच आहे.

या गीताचे आकर्षण कशात आहे असे विचारले असता पहिले उत्तर सहज मिळते, आणि ते म्हणजे स्मरणरंजन. ज्यांनी लहानपणी शुक्रवारच्या रात्री घरच्या मंडळींसह ती मालिका पाहिली त्यांना ते गीत आपल्या बालपणासकट ऐकू येते, यात संशय नाही. परंतु हे उत्तर लवकरच अपुरे पडते. १९८० साली निघालेल्या ‘द ब्लूज ब्रदर्स’ या चित्रपटात शिकागोचे दोन गायक भाऊ आपल्या वाद्यवृंदासह इंडियानातील कोकोमो या गावच्या एका मद्यगृहात, दुसऱ्याच एका मंडळीचे नाव सांगून, गायला उभे राहतात. तेथील श्रोते नापसंती बाटल्या फेकून व्यक्त करणारे असल्यामुळे रंगमंचासमोर तारेची जाळी ताणलेली असते. पहिले गाणे सुरू होताच त्या जाळीवर बाटल्या फुटू लागतात. तेव्हा सर्वांना ठाऊक असलेले असे काय गाता येईल, याचा शोध घेता घेता त्यांना ‘रॉहाइड’चे गीत आठवते, ते गाऊ लागतात, त्यांपैकी एका भावाच्या भूमिकेतील जॉन बेलुशी हाती आसूड घेतात, आणि सभागृहाचा नूर पालटतो. चित्रपट विनोदी आहे, पण त्यातले निरीक्षण खरे आहे. वादकांचा धर्म एक, श्रोत्यांचा दुसरा. एकमेकांविषयी सद्भाव असण्याचे कारण नाही. तरीही दोघांच्या मनात एक सामाईक जागा आहे आणि तिचा ताबा या गीताकडे आहे. पुढे ज्या पिढीने मालिकेऐवजी हा चित्रपटच पाहिला तिलाही गीताने धरून ठेवले. म्हणजे ज्याची आठवण नाही त्याचीही ओढ मनुष्याला वाटू शकते.

या अनुभवाची मीमांसा आपल्या परंपरेला नवीन नाही. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गीत कानी पडताच दुष्यंत अकारण व्याकुळ होतो, आणि प्रिय जनांचा विरह नसताना हे काय होत आहे असा विचार करता करता त्याला वाटते की, मनात खोल रुजलेले पूर्वजन्मींचे स्नेहच अशा वेळी नकळत जागे होत असले पाहिजेत. अभिनवगुप्तांनी रसचर्चेत त्या श्लोकाचा आधार घेतला तो याच कारणासाठी. तथापि दुष्यंताच्या बाबतीत एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्याने विसरलेले प्रेम खरोखरच घडलेले होते. शकुंतला होती, आश्रम होता, अंगठी होती. ‘रॉहाइड’च्या श्रोत्यापाशी असे काय आहे? त्याने गुरे हाकलेली नाहीत, टेक्सास पाहिलेला नाही, आणि ज्या भूतकाळाची ओढ त्याला वाटते तो भूतकाळ, गीतात आणि मालिकेत जसा दिसतो तसा, बव्हंशी कधी अस्तित्वातच नव्हता.

या शेवटच्या विधानाचा पुरावा इतिहासात आहे. गुरांचे तांडे उत्तरेकडे नेण्याचा तो सर्व व्यवहार १८६६ पासून जेमतेम वीस वर्षांचा. त्यातही सेडेलियाची वाट अल्पकाळच चालली, कारण टेक्सासच्या लांबशिंगी गुरांच्या अंगावरील गोचिडांमुळे मिसुरीतील शेतकऱ्यांची जनावरे मरू लागली आणि त्यांनी शस्त्रे घेऊन तांडे अडवले; १८६७ मध्ये जोसेफ मॅकॉय या व्यापाऱ्याने कॅन्ससमधील ॲबिलीन येथे गुरांचा बाजार उभारल्यावर वाहतूक तिकडे वळली. गुरे हाकणाऱ्यांत गुलामगिरीतून नुकतेच मुक्त झालेले कृष्णवर्णी लोक पुष्कळ होते, मेक्सिकन गुराखी होते, किंबहुना त्या धंद्याची खोगिरे, फास आणि बरीचशी परिभाषा मेक्सिकन गुराख्यांकडूनच आलेली होती. आजच्या ओक्लाहोमामधून जाताना तांड्यांना मूळनिवासी राष्ट्रांचा मुलूख ओलांडावा लागे आणि चेरोकींसारखी राष्ट्रे आपल्या हद्दीतून जाणाऱ्या गुरांवर रीतसर जकात बसवीत. तो मुलूखही पुढे त्यांच्या हातून गेला. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचे पेटंट मिळाले, मोकळी माळराने कुंपणांनी बंद झाली, रेल्वे टेक्सासपर्यंत येऊन पोहोचली, आणि तांड्यांचे काम संपले. या सर्व कैफियतीपैकी फारच थोडे त्या काळच्या मालिकांत उतरले. पडद्यावरचा गुराखी बहुधा गोरा, स्वतंत्र आणि एकटा असे. मग प्रश्न असा की, अर्धसत्य चित्राबद्दल वाटणारी ही ओढ शुद्ध मोहच नव्हे काय?

गीताच्या कर्त्यांकडे पाहिले असता हा आक्षेप अधिकच बळावतो. चाल बांधणारे दिमित्री टिओमकिन १८९४ साली आजच्या युक्रेनमधील क्रेमेन्चुक येथे एका ज्यू कुटुंबात जन्मले, सेंट पीटर्सबर्गच्या संगीतविद्यालयात त्यांनी ग्लाझुनोव्ह यांच्यापाशी शिक्षण घेतले, आणि रशियन क्रांतीनंतर बर्लिन व पॅरिस या मार्गाने १९२५ मध्ये ते अमेरिकेत आले. पदे रचणारे नेड वॉशिंग्टन पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन या कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या गावचे. गाणारे फ्रँकी लेन यांचे मूळ नाव फ्रान्चेस्को पाओलो लोव्हेक्किओ. सिसिलीहून आलेल्या आईबापांच्या पोटी १९१३ साली शिकागोत त्यांचा जन्म झाला. तिघांपैकी एकानेही तांडा हाकलेला नव्हता. परंतु काव्यशास्त्राच्या दृष्टीने पाहू जाता येथेच आक्षेपाचे पहिले उत्तर सापडते. भट्टनायकांनी साधारणीकरणाचा जो सिद्धांत मांडला आणि अभिनवगुप्तांनी जो पुढे नेला, त्याप्रमाणे भावाला ‘हे माझे’, ‘हे शत्रूचे’, ‘हे तिऱ्हाईताचे’ या संबंधांच्या बंधनातून सोडवले गेले म्हणजेच तो आस्वाद्य होतो. गाव सोडलेला माणूस, मागे राहिलेली माणसे, पुढची अनिश्चित वाट, आणि तरीही उजाडले की उठून निघणे, हे क्रेमेन्चुकहून निघालेल्या संगीतकाराला आणि स्थलांतरितांच्या घरी वाढलेल्या गायकाला टेक्सासच्या गुराख्याइतकेच ठाऊक होते. तपशील उसना होता. भाव उसना नव्हता.

आणि भावाची ही सत्यता किती निर्णायक असते याचे एक विलक्षण उदाहरण स्वतः लेन यांच्याच चरित्रात आहे. १९७४ साली मेल ब्रुक्स यांनी ‘ब्लेझिंग सॅडल्स’ हा पश्चिमी चित्रपटांचे विडंबन करणारा चित्रपट काढला. शीर्षकगीतासाठी त्यांना फ्रँकी लेन यांच्या धर्तीचा गायक हवा होता. त्यांनी तशी जाहिरात दिली आणि लेन स्वतःच आले. चित्रपट थट्टेचा आहे याची कल्पना त्यांना नव्हती. ते गीत त्यांनी अंतःकरण ओतून, अश्रू ढाळीत गायिले, आणि ते पाहून खरी हकीकत सांगण्याचा धीर आपल्याला झाला नाही, असे ब्रुक्स यांनी पुढे सांगितले आहे. परिणाम असा झाला की, त्या चित्रपटात सर्व गोष्टींचे विडंबन झाले, पण त्या कंठाचे मात्र होऊ शकले नाही. ज्याचा स्वर खरा आहे त्याच्या हाती खोटा दस्तऐवज दिला तरी तो स्वर खोटा ठरत नाही, एवढे यावरून निर्विवाद सिद्ध होते.

तरीही केवळ भाव खरा असल्याने गीत टिकते असे म्हणावे, तर उत्कट भावाची असंख्य गीते विस्मृतीत गेलेली आहेत. तेव्हा पुनरावृत्तीचा विचार करावा लागतो, कारण शीर्षकगीताचे वैशिष्ट्य तेच आहे. कथा प्रत्येक आठवड्याला नवी असते आणि गीत जुनेच असते. २१७ वेळा तीच चाल, तेच शब्द, तोच आसूड. ज्ञात वस्तूचा कंटाळा यावा हा मनाचा सामान्य धर्म, मग येथे उलट का घडते? आपले मीमांसक शब्दाचे नित्यत्व सिद्ध करताना प्रत्यभिज्ञेचा दाखला देत: काल ऐकलेला गकार आज पुन्हा ऐकताना ‘तोच हा’ अशी ओळख पटते, म्हणून तो नित्य आहे. नैयायिकांनी हे मानले नाही. त्यांच्या मते आजचा ध्वनी वेगळा, त्याचा सजातीय एवढेच, आणि ओळख ही सादृश्याने झालेली फसगत. या वादाचा निकाल मी देऊ इच्छित नाही. परंतु ओळख पटण्यातच एक स्वतंत्र समाधान आहे, ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या अनुभवाला येत असली पाहिजे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात काळाचे स्वरूप समजावताना मुखोद्गत स्तोत्राचेच उदाहरण घेतले आहे. गाण्यापूर्वी सर्व स्तोत्र अपेक्षेत असते. गाऊ लागताच त्याचा एकेक अंश अपेक्षेतून निघून स्मृतीत रुजू होतो. आणि जे एका स्तोत्राच्या बाबतीत तेच मनुष्याच्या अखिल आयुष्याच्या बाबतीत. परंतु आयुष्य आणि पाठ असलेले गीत यांत एक मोठा भेद आहे. आयुष्याचा पुढचा चरण कोणालाही ठाऊक नसतो, गीताचा ठाऊक असतो. म्हणून परिचित गीत गाताना मनुष्याला, थोडा वेळ का होईना, भविष्याचे भय वाटत नाही. परिचित स्वर हे एक प्रकारचे अभय आहे.

हे वाक्य मी केवळ तर्काने लिहिलेले नाही. ज्या जीवनाचे चित्र ‘रॉहाइड’ने उभे केले, त्या जीवनातच त्याचा सर्वांत ठळक आधार आहे. दोन-तीन हजार गुरांचे खिल्लार रात्री मोकळ्या माळावर मुक्कामाला बसवले जाई, आणि दहा-बारा माणसांच्या तांड्यातून पाळीपाळीने दोघे जण घोड्यावर बसून, एकमेकांच्या उलट दिशांनी, त्याच्याभोवती मंद गतीने फेऱ्या घालीत. टेक्सासची ती गुरे अर्धवट रानटी असत. विजेचा लखलखाट, मोडलेल्या काटकीचा आवाज, अंधारात अचानक पुढे आलेला घोडा, एवढ्यानेही सर्व कळप एकदम उठे आणि उधळे. मग वाटेत येईल ते तुडवले जाई, त्यात माणसेही दगावत. यावर उपाय म्हणून पहाऱ्यावरचे गुराखी फेऱ्या घालताना अखंड गात. लावण्या असोत, घरची लोकगीते असोत, की चर्चमधील स्तोत्रे असोत, गुरांना शब्दांशी कर्तव्य नव्हते; एकसारखी लय आणि ओळखीचा आवाज आपल्याभोवती फिरतो आहे, जे हलते आहे ते भयंकर नाही, एवढेच त्यांना कळे आणि तेवढे पुरे होई. जॉन लोमॅक्स यांनी गुराख्यांच्या गीतांचा संग्रह १९१० साली प्रसिद्ध केला, त्यातील कित्येक गीतांचा उगम अशाच जाग्या रात्रींत आहे. म्हणजे या संगीतप्रकाराचे बीज करमणुकीत मुळीच नाही. भ्यालेल्या जीवाला, कोणीतरी जागे आहे, ही खात्री देणे हेच त्याचे पहिले प्रयोजन. आणि दूरचित्रवाणीवरच्या गीताने, दिवसभराच्या दगदगीनंतर घरी परतलेल्या माणसांना दर आठवड्याला त्याच चालीत साद घालून, नकळत तेच काम पुढे चालवले.

येथे लेख संपवता आला असता तर तो गोड झाला असता. परंतु या चित्रात एक गोष्ट अशी आहे की तिच्याकडे पाठ फिरवून कोणताही प्रामाणिक विचार पुढे जाऊ शकत नाही. ती गुरे कोठे चालली होती? काही उत्तरेकडील नव्या कुरणांवर पोसण्यासाठी जात, हे खरे. पण पुष्कळशी रेल्वेच्या डब्यांत भरली जाऊन शिकागोला जात. तेथे १८६५ च्या डिसेंबरात गुरांचा प्रचंड अड्डा उघडला गेला होता, आणि त्याच्या आश्रयाने तेथील कत्तलखान्यांचा व्यवसाय जगात अग्रेसर झाला. म्हणजे रात्रभर ज्या स्वराने त्या जीवांना निर्भय केले, तोच स्वर त्यांना निर्विघ्नपणे मृत्यूच्या दारी पोहोचवीत होता. कळप उधळला असता तर त्यांतली काही जनावरे रानात निसटून वाचलीही असती; गाण्याने तीही संधी काढून घेतली. धर्मावर आधुनिकांनी जो सर्वांत कठोर आरोप ठेवला आहे तो नेमका हाच नव्हे काय? भजने, स्तोत्रे, प्रार्थना यांनी माणसांचा समुदाय शांत राहतो, उधळत नाही, आणि ज्यांना त्याला हाकावयाचे आहे त्यांना तो बिनतक्रार हाकता येतो. संगीताच्या या सामर्थ्याची धास्ती प्लेटोला होती. ऑगस्टीन यांनाही होती. स्तोत्राच्या अर्थापेक्षा त्याच्या सुराने आपण अधिक हेलावलो तर तो आपला अपराध, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. सांत्वन आणि गुंगी यांत भेद कसा करावयाचा, हा तो प्रश्न, ज्याचा उल्लेख मी आरंभी केला.

शब्द खरे असले की सांत्वन खरे, हे उत्तर पुरेसे नाही, कारण गुरांना शब्द कळत नव्हते. ऐकणाऱ्याला शांती लाभली की सांत्वन खरे, हे उत्तर तर घातकच आहे, कारण शांती गुरांनाही लाभत होती. माझ्या मते कसोटी गीतात नाही आणि ऐकणाऱ्यातही नाही. ती गाणाऱ्याच्या स्थानात आहे. ज्याचे प्राक्तन ऐकणाऱ्याच्या प्राक्तनाशी जोडलेले आहे त्यालाच सांत्वन करण्याचा अधिकार आहे. पहाऱ्यावरचा गुराखी त्याच पावसात भिजत होता, त्याच अंधारात फिरत होता. तेवढ्यापुरते त्याचे गाणे खरे होते. परंतु प्रवासाच्या टोकाला त्याच्यासाठी पगार आणि घर होते व गुरांसाठी सुरी होती, म्हणून त्याने त्यांना दिलेले अभय अखेर देण्याचा हक्क नसताना दिलेले होते. उलट पक्षी ऑगस्टीन यांनीच नवव्या अध्यायात नोंदवलेली मिलान येथील हकीकत पाहावी. ३८६ च्या सुमारास सम्राटाच्या मातेने, जस्टिनाने, बिशप ॲम्ब्रोज यांच्याविरुद्ध छळ आरंभला तेव्हा नगरातील भाविक रात्रंदिवस चर्चमध्ये पहारा देत बसले. त्यांत ऑगस्टीन यांची माता मोनिकाही होती. ते लोक दुःखाने खचून जाऊ नयेत म्हणून पूर्वेकडील रीतीप्रमाणे स्तोत्रे गाण्याचा प्रघात तेथे प्रथम पाडण्यात आला. तेथेही रात्र होती, भय होते, आणि भ्यालेल्यांना धीर देणारे गाणे होते. परंतु जो गाण्यास सांगत होता तो भिंतींच्या आत होता, आणि बाहेर उभ्या असलेल्या शस्त्रांचा पहिला निशाणा तोच होता. त्याच्या सोबत मरण्यास लोक सिद्ध झाले होते, असे ऑगस्टीन म्हणतात. या गाण्याला गुंगी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. मेंढपाळ स्वतःच बळीचे कोकरू झाला, ही ख्रिस्ती धर्माची मध्यवर्ती कल्पनाही माझ्या समजुतीने याच कसोटीचा परमोत्कर्ष आहे.

आता ‘रॉहाइड’च्या गीताच्या त्या दोन भागांकडे पुन्हा वळू. पहिल्या भागात गुरांना उद्देशून जे काही आहे त्यात आश्वासनाचा लवलेशही नाही. नुसते हुकूम आहेत. त्या जनावरांचे मन जाणण्याच्या भरीस न पडता फास टाकावा, डाग द्यावा आणि पुढे जावे, असा कठोर व्यवहारही त्यात सांगितला आहे. ही कठोरता कित्येकांना खटकेल, परंतु मला तिच्यात प्रामाणिकपणा दिसतो. ज्यांना आपण जगवणार नाही त्यांना गोड शब्द देण्याचे पाप हे गीत करीत नाही. आश्वासन येते ते दुसऱ्या भागात, आणि ते गाणारा स्वतःला देतो. भूक त्याची आहे, विरह त्याचा आहे, वाट त्याची आहे. आणि टोकाला सर्व काही मिळेल हा विश्वासही त्याचाच आहे, जो खरा ठरेलच अशी हमी त्याला कोणीही दिलेली नाही. श्रोता हे ऐकतो तेव्हा त्याला कोणी वरून थोपटत नसते. आपल्याच अवस्थेतला एक मनुष्य स्वतःला धीर देताना त्याच्या कानी पडत असतो. नद्या आणि वादळे यांची यादी आधी दिलेली असल्यामुळे संकट लपवल्याचा दोषही त्या धीरावर येत नाही.

फलाची आशा धरून केलेले हे चालणे गीतेच्या निष्काम कर्माच्या आदर्शाला उतरत नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते मान्य करणे प्राप्त आहे. गीतातील माणूस योगी नाही. परंतु बहुतेक माणसे ज्या भूमिकेवर उभी आहेत ती भूमिका त्याने खोटेपणा न करता मांडली आहे: फल हवे आहे, ते दूर आहे, ते मिळेपर्यंत काम सोडावयाचे नाही, आणि ते काम करण्याइतके बळ गाता गाताच मिळवावयाचे आहे. ज्याने ही पायरी ओलांडली नाही त्याने पुढच्या पायरीच्या गोष्टी बोलू नयेत. शिवाय मालिकेच्या नशिबी जे आले त्यानेही या भूमिकेला पुष्टीच मिळते. आठव्या हंगामात फ्लेमिंग नव्हते, ईस्टवुड म्होरके झाले होते, आणि मालिका मध्येच बंद झाल्यामुळे प्रवासाची रीतसर सांगता अशी झाली नाही. पुढल्याच वर्षी, १९६६ च्या सप्टेंबरात, पेरूमध्ये चित्रीकरण चालू असताना फ्लेमिंग वाल्यागा नदीच्या प्रवाहात बुडून मृत्यू पावले. वॉशिंग्टन १९७६ मध्ये गेले, टिओमकिन १९७९ मध्ये, आणि लेन २००७ मध्ये, त्र्याण्णव वर्षांचे होऊन. या लोकांनी आपल्याला जो धीर दिला तो सुरक्षित जागी बसून दिला नव्हता. जी वाट सर्वांची, तिच्यावरूनच तेही गेले. आणि म्हणूनच त्यांच्या गाण्याला, ते गेल्यानंतरही, आपल्याशी बोलण्याचा हक्क उरला.

तेव्हा या गीताच्या दीर्घायुष्याचे कारण गतकाळाच्या मोहात शोधू नये. तो काळ जसा रंगवला तसा नव्हता, आणि तो परत यावा असेही कोणा विचारी माणसाला वाटणार नाही. गीत टिकले ते त्याच्या दुसऱ्या भागातील समदुःखी स्वरामुळे. आणि त्या स्वराने धर्माच्या अभ्यासकाच्या हाती एक कसोटी दिली आहे. ज्या ज्या गीताने, स्तोत्राने, प्रवचनाने माणसांना शांत राहण्यास सांगितले असेल, त्याच्या रसाळपणाची किंवा प्राचीनतेची चौकशी मागाहून करावी. प्रथम एवढेच विचारावे की, सांगणारा कोठे उभा होता, आणि जे ऐकणाऱ्यांवर येणार होते ते त्याच्यावरही येणार होते की नाही. या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर ते सांत्वन निःशंक मनाने स्वीकारावे, मग ते मंदिरातून आलेले असो वा दूरचित्रवाणीच्या संचातून. आणि ते नकारार्थी असेल, तर गाणे कितीही मधुर असले तरी, उधळून जाणे हाच ऐकणाऱ्याचा धर्म होय.